मटार सोलता सोलता उघडलेला डिफरेन्शियल

दिल्ली कँटातल्या क्वार्टर्समध्ये राजवर्धनला सगळे ‘वर्कशॉपवाला’ म्हणत. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये तो होताच, पण कारकून म्हणून. त्यामुळे शेजारचे सुभेदार ज्ञानोबा जेव्हा म्हणाले, “व्हॅन मागून रडतेय, यार. उद्या सगळ्यांना पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला न्यायचंय. बघतोस ना?” तेव्हा त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून “बिल्कुल, साहेब!” बाहेर पडलं.

त्याची बायको देवयानी अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होती. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. व्हॅन एक चक्कर मारून आली, तशी ती मान वर न करता पुटपुटली, “डिफरेन्शियल आहे, मागच्या चाकांमधला गोळा. त्यातलं बेअरिंग गेलंय.”

“तुला काय माहीत?”

“इस्लामपूरला बाबांचं गॅरेज आहे. लग्नात नुसते लाडूच बघितलेत वाटतं?”

सुभेदार समोरच खुर्ची टाकून बसले. मग राजवर्धन गाडीखाली शिरला आणि देवयानी मटारांशी बोलू लागली. “आधी तेल काढायचं. मग चाकं काढून दोन्ही ॲक्सल बाहेर ओढायचे. त्याशिवाय मधला गोळा सुटत नाही.”

“सूनबाई काय म्हणतायत?”

“रेसिपी, साहेब,” गाडीखालून उत्तर आलं.

दुपारी तो अवजड गोळा पोटावर घेऊन राजवर्धन बाहेर सरकला. चहा द्यायला आलेल्या देवयानीने त्यातलं मोठं दातेरी चाक एका बोटाने फिरवलं, क्षणभर कान दिला. “डावीकडचं.” उघडून पाहिलं, तर नेमकं डावीकडचंच बेअरिंग झिजलेलं. हिला बघायला गेलो तेव्हा आपण विचारलं होतं, ‘पुरणपोळी येते का?’ हे आठवून राजवर्धनला स्वतःचीच लाज वाटली.

नवं बेअरिंग बसलं आणि आत कुकर शिट्ट्या मारू लागला. देवयानी धावली. राजवर्धनला आता हुरूप आला होता. त्याने गोळा एकट्यानेच बसवून टाकला. बोल्टची भोकं सगळीकडे सारखीच होती.

सुभेदारांनी पहिला गिअर टाकला. व्हॅन सरळ मागे गेली आणि त्यांच्याच कोबीच्या वाफ्यात घुसली. रिव्हर्स टाकल्यावर तुरुतुरु पुढे आली.

“राजवर्धन! उद्या पानिपतात काय पाठमोरं शिरायचं?”

देवयानी बाहेर आली. तिने वाफ्याकडे पाहिलं, ओढणी कमरेला बांधली. “गोळा वरचा खाली बसवलात, अहो. चाकं उलटीच फिरणार. सरका.” ती गाडीखाली गेली. सुभेदार खाली बसून एकेक पाना पुढे करत राहिले. ऊन उतरता उतरता व्हॅन सुरू झाली. पुढे गेली, तीही कुरकुर न करता.

“साहेब,” राजवर्धन म्हणाला, “मी कारकून आहे.”

“मला सकाळीच कळलं. मटारच्या रेसिपीत ॲक्सल कधीपासून पडायला लागला?”

“मग बोलला का नाहीत?”

“कारागीर कामात असताना मधे बोलू नये.”

दुसऱ्या दिवशी काला अंबला पुण्याहून आलेल्या मंडळींना सुभेदार ओळख करून देत होते. “ह्या आमच्या देवयानीबाई. अख्खी गाडी ह्यांनी उभी केली. आणि हे ह्यांचे मिस्टर.”

राजवर्धनने छाती फुगवून नमस्कार केला, आणि बायकोच्या हातातली पान्यांची जड पिशवी आपल्या खांद्याला लावली.