टाचणीने जोडलेली तुलना

कार्यालयाची अब्रू त्याच्या इंग्रजीत असते, हे सत्य मोठ्या साहेबांना एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली उमगलं. कुणीतरी पत्रात ‘द सूनर’ लिहून पुढचं ‘द बेटर’ विसरलं होतं. पत्र लाल शेरा घेऊन वरून परत आलं. साहेब दोन दिवस जेवले नाहीत (तिसऱ्या दिवशी दोनदा जेवले).

लगेच परिपत्रक निघालं. यापुढे प्रत्येक अर्जात ‘द सूनर, द बेटर’ छापाची एक इंग्रजी जोडतुलना असावी. तिचा पूर्वार्ध पहिल्या टेबलाने चिठ्ठीवर लिहावा, उत्तरार्ध दुसऱ्याने, आणि तिसऱ्याने दोन्ही चिठ्ठ्या टाचणीने जोडाव्यात. वाक्य एकाने लिहिलं की चूक त्याची होते. तिघांनी लिहिलं की ती कुणाचीच राहत नाही. टाचण्याही तेव्हा चांगल्या मिळत, वाकत नसत. सहा महिन्यांत शंभरातली अठ्ठ्याण्णव पत्रं निर्दोष ठरली. उरलेली दोन उंदरांनी खाल्ली.

टंकलेखिका ताईंचा अर्ज साधा होता. आई गावी अंथरुणाला खिळलेली. जितक्या लवकर बदली, तितकी आईची सेवा अधिक. त्याच दिवशी भांडारातल्या भाऊंचाही अर्ज आला: जितक्या लवकर छपराची दुरुस्ती, तितक्या फायली कमी भिजतील.

तिसऱ्या टेबलावरचे टाचणीकाका डोळ्याच्या ऑपरेशनहून नुकतेच परतले होते. चिठ्ठ्या टंकायला ताईंच्याच हाती आल्या. ताईंनी वाचलं आणि त्या उठल्या.

“काका, माझ्या बदलीने फायली कशा कमी भिजतील?”

“जोडी बरोबर आहे ना?”

“जोडी बरोबर आहे हो, पण माझी आई भाऊंच्या छपराला जोडलीत.”

“मग नवा अर्ज करा. पहिल्या टेबलापासून. तीन महिने लागतील.”

ताईंनी तीन महिन्यांचा हिशेब मनात केला, आईचा केला, आणि दिसलं तसं टंकलं. वरचे लोक शहाणे असतात, समजून घेतील, असं त्यांना वाटलं.

वरून शेरा आला: ‘इंग्रजी निर्दोष. दोन्ही मंजूर.’ ताईंच्या बदलीने फायली कोरड्या राहतात, म्हणून ताईंची बदली भांडारात झाली. छपराच्या दुरुस्तीने आईची सेवा होते, म्हणून कामगार गावी गेले आणि आईच्या धडधाकट घराचं छप्पर उतरवून आले. खाट शेजारणीच्या ओसरीत गेली.

“या ताई,” भाऊ म्हणाले, “बादली घ्या आणि त्या कोपऱ्यात उभ्या राहा. तिथे जास्त गळतं.”

पुढे साहेबांना बढती मिळाली. टाचणीकाकांना दिसू लागलं, तेव्हा त्यांचं टेबल बंद झालं होतं. भाऊ छत्रीखाली निवृत्त झाले. ताईंची गावी बदली चौदाव्या महिन्यात झाली.

आई सातव्या महिन्यात गेली. हे आधीच सांगता आलं असतं. पण तुम्हीही आतापर्यंत जोड्याच पाहून हसत होतात, आईची चौकशी कुठे केलीत?