सहावा दगड

पुण्याच्या हेड ऑफिसनं कंपनीची पाच मूल्यं ठरवली: सचोटी, शिस्त, सुरक्षा, सहकार्य आणि सातत्य. शिस्त सोडली तर सगळी एकाच अक्षरानं सुरू होत होती, कारण पुण्याला तसं आवडतं. कामगारांचे वर्ग घेऊन ती त्यांच्या मनात रुजवावीत आणि फाटकाशी ठळक मांडावीत, असा हुकूम सुटला. कमठाण्याजवळच्या पंपांच्या कारखान्यात हे काम एचआरच्या अनिलकुमारच्या गळ्यात पडलं.

अनिलकुमार भालकीचा, हुशार आणि घायकुतीचा. नोकरी अजून कच्ची होती. लग्नाच्या बैठकीत मात्र त्यानं सासऱ्यांना ती पक्की म्हणून सांगितली होती, आणि बायको प्रतीक्षा अधूनमधून "पर्मनंटची ऑर्डर फ्रेम करून लावू की भिंतीला" असं म्हणायची. आता हेड ऑफिसच्या विजयश्री मॅडम पाहणीला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली की ऑर्डर हातात. नाही डोलावली, तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

फलक उन्हानं पांढरा पडतो, म्हणून त्यानं दगड लावायचं ठरवलं. कारखान्याचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या लिंगाप्पानं माळावरचे पाच दगड आणले, फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली रांगेत रोवले आणि त्यांना कंपनीचा नारिंगी रंग फासला. नावं लिहिणारा पेंटर नेमका उदगीरला लग्नाला गेला. म्हणजे झाडाखाली पाच नारिंगी दगड, आणि वर एक अक्षर नाही. आपल्या मुलखात अशा दगडाला नाव लिहावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुरू व्हायच्या आधीच तिथं नारळ फुटला होता, हळदकुंकू वाहिलं होतं आणि लिंबं मांडली होती.

"सायब, चपला काढून या," कॅन्टीनची सरुबाई म्हणाली.

"अक्का, देव न्हाईत हे. कंपनीची मूल्यं हायेत. ही सचोटी, ही शिस्त."

"व्हय की. सचोटीआई. अन् ह्यो शिस्तप्पा. कडकच दिसायलाय."

अनिलकुमार समजावून सांगणारच होता. तेवढ्यात पाळीचे सगळे कामगार दगडांपुढं हात जोडून, माना खाली घालून उभे राहिले. ते दृश्य इतकं देखणं होतं की त्यानं फोटो काढला आणि खाली लिहून पुण्याला धाडला: "मूल्यांचे सर्व वर्ग पूर्ण. कामगार मूल्यांपुढे नतमस्तक." वर्ग त्यानं एकही घेतला नव्हता. पुण्याहून अंगठे आले, टाळ्या आल्या. फुकटात गंगेत घोडं न्हालं म्हणून तो खूश झाला.

मग लिंगाप्पाचं प्रकरण झालं. ट्रॅक्टरचं डिझेल कमी भरलं, म्हणून लोकांनी त्याला सचोटीवर हात ठेवायला लावला. "म्या न्हाई घेतलं," तो म्हणाला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची जीभ अशी सुजली की त्याला भात गिळेना. त्यानं डिझेल कबूल केलं, तशी सूज उतरली. अनिलकुमार म्हणाला, गांधीलमाशी चावली असेल. पण गांधीलमाशी कुणीच पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून कारखान्यात उशिरा येणं बंद झालं. हेल्मेट डोक्यावर आलं. उदगीरहून परतलेल्या पेंटरनं दगडांकडं एकदा पाहिलं, ब्रश पिशवीत घातला आणि "ह्यांच्या अंगावर मी ब्रश चालवत न्हाई बगा" म्हणून निघून गेला. नारळ इतके वाढले की कॅन्टीनची चटणी घट्ट झाली. अनिलकुमारला आतून जरा चरकल्यासारखं व्हायचं, पण चटणी तोही खायचा.

एके दिवशी भर दुपारी, मशीनं जेवणासाठी थांबलेली असताना, तो फाटकाकडं आला. ऊन टळटळत होतं. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. आणि रांगेत दगड सहा होते. सहावा बाकीच्यांपेक्षा लहान होता, शेवटाला बसलेला. त्याचा रंग ओला होता. अनिलकुमारनं बोट लावलं तर बोट लाल झालं, आणि एवढ्या उन्हात दगड विहिरीच्या पाण्यासारखा गार लागला.

त्यानं सगळ्यांना बोलावलं. "कोन आणलाय ह्यो?"

एकेकानं सचोटीवर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं. कुणाची जीभ सुजली नाही. अनिलकुमारला हे फारच वाईट वाटलं, कारण त्याचा अर्थ सगळे खरं बोलत होते.

"अण्णा, टाकून या ह्येला खाणीत," तो लिंगाप्पाला म्हणाला. लिंगाप्पानं घाबरत घाबरत दगड नेला आणि टाकला. दुसऱ्या दुपारी तो परत रांगेत होता, ओलाच, आणि फाटकाकडच्या टोकावरून कचेरीकडच्या टोकाला आला होता. अनिलकुमारच्या खिडकीतून तो आता सरळ दिसायचा.

"मी पुन्यांदा हात लावत न्हाई," लिंगाप्पा म्हणाला. "माझी एकच जीभ हाय."

"सरुअक्का, काय पायजे ह्याला?"

सरुबाईनं पदरानं घाम पुसला. "मला काय म्हाईत? माझ्या खिडकीतनं न्हाई दिसायला त्यो."

मॅडम आल्या त्याही दुपारीच. सगळे झाडाखाली जमले. सरुबाई चपला काढायला सांगू लागली, तर मॅडम हसून म्हणाल्या, "अहो, मूल्यं मनात असतात. चपलांशी त्यांचा काय संबंध?" आणि त्या टकटक करत रांगेसमोरून चालत गेल्या. शेवटाला थांबल्या.

"पाच ठरली होती ना? हे सहावं कोणतं?"

नावीन्य, असं सांगायचं अनिलकुमारनं रात्रीच ठरवलं होतं. त्यानं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. वारा नव्हता, कुणी हललंही नव्हतं, तरी सहाव्या दगडापुढचं लिंबू सावकाश घरंगळत आलं आणि त्याच्या बुटाला टेकून थांबलं. त्याला प्रतीक्षा आठवली, भिंतीवरची रिकामी जागा आठवली. आणि लिंगाप्पाची जीभही आठवली.

"मॅडम, मी एकही वर्ग घेतला नाही," तो म्हणाला. "फोटो पूजेचा होता. मी खोटं कळवलं."

नोकरी गेली, हे त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि तरीही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. "तुम्ही फारच साधे आहात," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ग कुठल्याच कारखान्यात झालेले नाहीत. सगळीकडं झाले असं मी वर कधीच कळवून टाकलंय. तुमची ऑर्डर मी पाठवते. पण हे खरंबिरं परत कुणाला सांगू नका."

त्या रात्री अनिलकुमारनं प्रतीक्षाला बैठकीतलं खोटंही सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. "म्हाईत हाय की," ती म्हणाली. "अप्पांनी तवाच चौकशी केलती. पोरगा घाबरट हाय, सुधरंल म्हनले."

दुसऱ्या दिवशी रांगेत पाचच दगड होते. सहाव्याच्या जागी ओला गोल डाग होता, तोही उन्हात वाळत चालला होता. कचेरीची खिडकी मोकळी दिसत होती. ऑर्डर मेलवर आली होती. अनिलकुमारनं सुटकेचा श्वास टाकला, चटणी मागून घेतली, आणि फोन वाजला.

"अनिलकुमार," विजयश्री मॅडमचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही पुण्याला काही पाठवलंय का? माझ्या केबिनच्या दारात एक दगड आहे. वॉचमन म्हणतो, कुणीच आणला नाही. त्याचा रंग अजून ओला आहे."

अनिलकुमार उठून झाडाखाली गेला. बूट काढले, सचोटीवर हात ठेवला. "मी नाही पाठवला, मॅडम."

"मग त्याला हवंय काय?"

त्यानं सरुबाईकडं पाहिलं. ती नारळ सोलत होती, तिनं मान वर केली नाही.

"मॅडम," तो शक्य तितक्या अदबीनं म्हणाला, "तुम्ही वर काय कळवलं होतं?"

पलीकडून एकापाठोपाठ एक, दोन चपला काढून ठेवल्याचा आवाज आला.