सरकारस्वारी पालू धरावयास दर्यांत गेली त्याची हकीकत

श्रीसमुद्र प्रसन्न. वारा पाठीशीं असो, लिहिणाराचें पोट ठिकाणावर असो. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, पौष शुद्ध सप्तमी, ते दिवशीं सरकारस्वारी पालू मासा धरावयास दर्यांत गेली, त्याचें वर्तमान डोळां पाहिलें तैसें लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण राज्य लहान आणि ओळखणारे बहुत.

मूळ कारण ऐसें जाहलें कीं, आईसाहेब ज्वरानें पडिल्या होत्या आणि ज्वर गेला तो तोंडाची चव घेऊन गेला. मुदपाकखान्यानें खिमट केलें, सांजा केला, नाना तऱ्हेच्या कढ्या केल्या, आणि आईसाहेबांनीं प्रत्येक ताट बोटानें दूर सारिलें. वैद्यराज म्हणाले, पोटांत अन्न न जाईल तर माझी मात्रा एकटी काय करणार. मग महाराज बिछान्यापाशीं बसले आणि म्हणाले, "आईसाहेब, काय खावेंसें वाटतें तें सांगावें, वाटेल तेथून आणवितों." त्या म्हणाल्या, "आणविणें तुम्ही जन्मभर केलेंत. तुमचे वडील स्वतः गरी टाकून मजसाठीं पालू धरून आणीत. तुम्हीं आपले हातानें मजसाठीं आजवर काय आणिलेंत?" महाराजांनीं पुष्कळ आठवून पाहिलें, कांहीं आठवेना. तेव्हां तसेच उठले आणि दर्यावर जाण्याचा हुकूम केला.

सरकारचें आरमार होतें, परंतु पाणी लागल्यास रंग जाईल म्हणून तें सदा किनाऱ्यावर झांकून ठेविलेलें असे. सबब होडी भाड्यानें घेतली. होडीचा मालक बाबल तांडेल, मोठा तोऱ्याचा माणूस, दर्यांतले मासे आपणांस विचारून पोहतात ऐसें मानणारा. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "जमनीर राज तुमचा, होडयेर रीत माझी. कबूल आसात तर चढा, म्हाराजानू." महाराजांनीं कबूल म्हटलें आणि चढले. मग कारभारी अंतोबा चढले, मुदपाकखान्याचे दारोगे भिकाजीपंत चढले, चार मानकरी चढले, आणि प्रस्तुत लेखक चढला, तो चढतांच आडवा जाहला आणि पुढील बहुतेक वर्तमान त्यानें आडवेंच पाहिलें.

मग खडपाच्या खडकांजवळ नांगर टाकिला आणि सर्वांनीं गऱ्या सोडिल्या. आतां आमचे दरबारचा शिरस्ता ऐसा कीं, सरकारचे आधीं कोणीं जेवूं नये, शिंकूं नये आणि जिंकूं नये. घटका गेली नाहीं तों अंतोबांची दोरी ताणली, मग मानकऱ्यांच्या ताणल्या, खालीं मासा हिसके देई आणि वरतीं मंडळी चेहरा देवळांतल्यासारखा ठेवून बसली. अंतोबांचें बोट दोरीनें कापलें तरी हूं कीं चूं केलें नाहीं. महाराजांची दोरी मात्र स्वस्थ. महाराज म्हणाले, "समुद्र रिकामा आहे काय?" सर्व एकमुखानें म्हणाले, "अगदींच रिकामा, सरकार!" आणि तेवढ्यांत एक मानकरी माशाचे ओढीनें अर्धा बाहेर गेला, त्यास धोतरास धरून आंत घेतला, त्यानें वारा लागला म्हणून सांगितलें.

मग बाबलानें महाराजांची गरी वर ओढून पाहिली आणि कपाळास हात लाविला. "अरे, ही सुंगटां कोणी तळल्यान? पालू काय पाटार बसान जेवतत?" भिकाजीपंत ताठ उभे राहून म्हणाले, "कच्ची कोळंबी सरकारचे हातीं कशी द्यावी? हळद लावून, आंबटतिखट करून, तुपांत परतली आहे." बाबल पोट धरून हंसला. मग महाराजांनीं कच्ची कोळंबी मागितली, स्वहस्तें गरीस लाविली, हाताचा वास घेऊन तोंड वाईट केलें, आणि दोरी सोडिली.

मग जें जाहलें तें वर्णावें तितकें थोडें. दोरीस ऐसा हिसका बसला कीं महाराज उभे राहिले, पागोटें पाण्यांत गेलें, कोणी काढावयास धांवला त्यास लाथ बसली, आणि हातभर लांबीचा पालू, रुप्याचे ताटासारखा लखलखीत, होडींत येऊन पडला. महाराज मूल होऊन ओरडले, "आई! आई!" आमचेही डोळे भरून आले.

तोंच बाबल म्हणाला, "पयलो मासो दर्याचो. सोडा तेका."

अंतोबा गरजले, "दर्या सरकारचा, मासाही सरकारचा!" बाबल म्हणाला, "थोरल्या म्हाराजांनी सुदिक सोडल्यानी हा. रीत कबूल केल्यात मां?" महाराजांनीं सर्वांकडे पाहिलें. मग ताणलेल्या दोऱ्यांकडे पाहिलें आणि त्यांस सर्व उमजलें. म्हणाले, "तुम्हांपैकीं एकानेंही आधीं वर ओढिला असता तर तो दर्याचा होता आणि हा माझा. तुमचे अदबीनें माझे आईचा घांस घालविला." मग दोन्हीं हातीं पालू उचलिला, थोडा वेळ छातीशीं धरिला, आणि सोडिला. शब्द मोडिला नाहीं.

मग हुकूम जाहला कीं ओढा, आणि सर्वांनीं थोरथोर पालू ओढून काढिले. महाराज पुन्हा दोरी घेऊन बसले. ऊन कललें, बाबल परतूंया म्हणाला, महाराज म्हणाले थांब, पुन्हा तो म्हणाला, पुन्हा थांब म्हणाले. अखेरीस एक पालू लागला, तो तळहाताएवढाही नव्हे. बाबलानें तोंड फिरवून हंसूं दाबिलें.

परततांना अंतोबा कानीं लागले, "सरकार, माझा थोरला ताटांत ठेवावा, धाकटा मांजरास द्यावा. आईसाहेबांस काय कळणार?" महाराजांनीं थोरल्या माशाकडे बराच वेळ पाहिलें, हें मीं पाहिलें, खोटें कां लिहूं. मग मान हालविली आणि धाकटा पंच्यांत गुंडाळून आपले मांडीवर घेतला.

रात्रीं तोच पालू मीठ लावून भाजिला आणि महाराजांनीं ताट स्वतः नेलें. मोठें चांदीचें ताट, त्यांत तो मासा शोधावा लागे. दाराआड सर्व दरबार उभा. आईसाहेबांनीं दिवा जवळ घेवविला, वांकून पाहिलें आणि विचारिलें, "एवढासाच?"

महाराज खालीं मान घालून म्हणाले, "एवढासाच मिळाला."

आईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे तुम्हींच धरिला." आणि उठून बसल्या, कांटे काढीत काढीत सबंध मासा खाल्ला आणि भात पुन्हा मागितला.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. मासा किती थोर लिहावा म्हणून अंतोबांनीं दोन वेळां माणूस पाठविला. महाराजांस विचारिलें, ते म्हणाले, होता तेवढाच लिहावा. होता तेवढाच लिहिला असे.