आठवा माणूस आणि दहा किलोचा डबा

कचेरी सहाव्या मजल्यावर होती, लिफ्ट आठ जणांची होती, आणि आठवे म्हणून हेडक्लार्क भाऊ आत शिरले की ती बोंब मारायची. मग आतले सातही जण छताकडे बघायचे.

"भाऊ, तुम्ही पुढच्या फेरीला या," टायपिस्टबाई मायेनं म्हणायच्या. ती मायाच जास्त झोंबायची. भाऊ मुकाट्यानं जिना चढायचे. एकदा तरी आठवा माणूस म्हणून मानानं वर जावं, एवढंच त्या बिचाऱ्याचं मागणं होतं.

त्यांचा मेहुणा औषधांच्या दुकानात कामाला होता. त्यानं अमिनो ॲसिडच्या पावडरचा दहा किलोचा डबा आणून दिला.

"भावजी, दर दोन तासांनी एक चमचा. जेवण निम्मं करायचं आणि रोज जिने चढायचे."

"मग पावडरीनं काय होतं?"

"बाकीच्या दोन गोष्टी लक्षात राहतात."

महिन्याभरात भाऊंच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. कचेरीत बातमी फुटली आणि साहेबांसकट सगळ्यांनी तोच डबा आणला. टेबलावर ठेवला की दुसराच कुणीतरी चमचा मारायचा, म्हणून जो तो आपला डबा पिशवीत घालून घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा.

आणि लिफ्ट सातव्या माणसालाच ओरडायला लागली.

लोक एकमेकांच्या पोटांकडे संशयानं बघू लागले. मेकॅनिकनं तासभर खटपट केली आणि हात पुसत सांगितलं, "लिफ्ट ठणठणीत आहे. माणसं तपासा."

एका सकाळी भाऊंचा डबा संपला होता. रिकामी पिशवी हलवत ते आले, तर समोर लिफ्ट कोकलत होती आणि आत सात जण भांडत होते. हातातल्या हलक्या पिशवीकडे बघून भाऊंच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"पिशव्या बाहेर ठेवा," ते म्हणाले.

पिशव्या बाहेर आल्या, लिफ्ट गप्प झाली. भाऊ हळूच आत शिरले. आठवे. लिफ्टनं चकार शब्द काढला नाही. भाऊंचे डोळे भरून आले.

"अहो, पण डबे?" कॅशियर म्हणाला, आणि दार मिटायच्या आत सातही जण बाहेर पळाले. भाऊ एकटेच वर गेले.

दुपारी साहेबांचा हुकूम निघाला. "डबे जड आहेत, ते लिफ्टनं येतील. माणसांना देवानं पाय दिलेत. डब्यांवर नजर ठेवायला कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. भाऊ, तुम्ही जा."

तेव्हापासून भाऊ रोज सात डब्यांबरोबर स्टुलावर बसून वर जाऊ लागले. पावडर त्यांनी कधीच सोडली होती. बाकीचे जिने चढून चढून काडीसारखे झाले आणि डब्याचे गुण गाऊ लागले. भाऊंचा पट्टा मात्र एकेक भोक मागे सरकत जुन्या जागी आला.

"बघा भाऊ," टायपिस्टबाई मायेनं म्हणाल्या, "पावडर सोडली की असं होतं."