थंडी सेंधव्याहून सुटली आहे

मी सरकीसकट कापूस रजईत भरला.

खानदेशातला वाचक इथेच हसला असेल. बाहेरच्यांसाठी सांगतो. झाडावरून वेचतात त्या कापसात बी असतं, त्याला सरकी म्हणतात. जिनिंगमध्ये सरकी काढली की उरते ती रुई, आणि गादी-रजईत भरतात ती रुई. आमच्याकडे हे शाळेत शिकवत नाहीत, कारण शिकवावं लागत नाही. मी जळगावचा. सासुरवाडी जामनेरची. दिवाळीनंतर सासऱ्यांच्या ओसरीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला असतो, त्यावर लोळून माझं अंगही खाजलेलं आहे. तरीही.

झालं असं की बदली होऊन आम्ही धुळ्याला आलो. जळगावात थंडी म्हणजे पंखा दोनवरून एकवर आणणं. धुळ्यात तसं नाही, हे कॉलेजच्या कचेरीत पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला अभिमानानं ऐकवलं. राज्यातली निम्मी थंडी आपल्याच तालुक्यात पडते, असा धुळेकराचा सूर असतो. घरी मनीषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, नव्या रजया, स्वेटर, गिझर असा बेत मांडला. घर बदलण्यात आधीच रिकामा झालेला खिसा मी मांडला. मग ती मुलीला घेऊन भाऊबिजेला माहेरी गेली, आणि आपण परत येण्याआधी यानं काहीतरी करावं असं तिनं मनातही आणलं नसताना मी करायचं ठरवलं.

तिला सोडून परत निघताना मेहुण्याकडे पोतंभर कापूस मागितला. कशाला हो दाजी, त्यानं विचारलं. रजईला, मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पोत्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पण जावयाला शिकवायचं कुणी? त्यानं मुकाट्यानं पोतं एसटीत चढवून दिलं.

घरी येऊन जुन्या खोळीत मी तो कापूस ठासला आणि दाभणानं तोंड शिवलं. पांघरून पाहिलं तर अंगावर वाटाण्याचं पोतं पडल्यासारखं वाटलं. ऊब होती, नाही असं नाही. सतत खाजवत राहिलं की माणूस गरम राहतो. त्यात सरकीच्या वासानं उंदीर आले. जळगावात आमच्याकडे कधी पाहुणे आले नाहीत इतके उंदीर आले.

अशात एका सकाळी दार वाजलं आणि हातात पेटती उदबत्ती घेऊन एक बाई सरळ घरात शिरल्या. कुठल्या तरी देवस्थानच्या असतील म्हणून मी हात जोडले आणि खिशात सुटे पैसे चाचपू लागलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या खिडकीपाशी गेल्या, चौकटीच्या कडेनं उदबत्ती हळूहळू फिरवली, आणि एका जागी धूर आडवा झाला तसं समाधानानं मान हलवून म्हणाल्या, "वारा कथाइन येस, ते दखी राहिनू."

वारा कुठून येतो ते बघत होत्या. या आमच्या शेजारच्या विमलअक्का.

अक्कांनी उभी हयात बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे काढली. माइकवर गाड्या पुकारायच्या. निवृत्त झाल्या तरी पुकारणं सुटलं नाही. भाजीवाला आला की गल्लीला कळायचं, नळाला पाणी आलं की कळायचं, आणि थंडी ही तर त्यांच्या लेखी उत्तरेकडून येणारी एक गाडी होती. कोजागिरी झाली की अक्का अंगणात उभ्या राहून सांगायच्या, थंडी सेंधव्याहून सुटली आहे. काही दिवसांनी ती शिरपूरला लागायची. मग नरडाणा, मग सोनगीर. मध्येच ऊन वाढलं तर "शिरपूर डेपोत थांबलेली शे, बिघाड शे," असा खुलासा यायचा. आणि ज्या पहाटे तोंडातून वाफ निघे, त्या पहाटे अक्का शाल गुंडाळून फाटकाशी येत आणि घोषणेच्या ठेवणीतल्या शुद्ध मराठीत म्हणत, "थंडी धुळे स्थानकात आलेली आहे. प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी."

सामान म्हणजे हाडं.

तर त्या दिवशी उदबत्ती फिरवता फिरवता अक्का माझ्या रजईशी आल्या. त्यांनी ती दाबली. पुन्हा दाबली. शिवणीत बोट घालून एक सरकी काढली, माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि अतिशय मायेनं विचारलं, "तू जयगावना शे ना रे भो?"

हो, जळगावचाच, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझी विनंती एवढीच होती की हे गल्लीत कुणाला सांगू नका. पण जिनं जन्मभर माइकवर काम केलं तिला अशी विनंती करणं हा त्या आठवड्यातला माझा दुसरा मूर्खपणा होता. संध्याकाळी मी दूध आणायला गेलो तर दूधवाल्यानं रजई कशी आहे म्हणून विचारलं.

अक्काच मला रशीदचाचा पिंजाऱ्याकडे घेऊन गेल्या. चाचांनी खोळ उसवली, आत बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, इसको पानी डाला होता तो उग आता." मग तो कापूस त्यांनी ठेवून घेतला, त्याच्या बदल्यात जुनी रुई पिंजून भरून दिली, आणि माझ्या अंगावर पहिल्यांदा रजईसारखी रजई आली.

त्यानंतर अक्कांनी आमचं घर हातात घेतलं. बाजारात जायचं नाही हा त्यांचा नियम. खिडक्यांच्या फटींना पिठाची खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या. दाराखालच्या फटीला सायकलची जुनी ट्यूब. कोणाच्या तरी शेतातून टाकून दिलेली ठिबकची काळी नळी आणून त्यांनी ती माझ्याकडून गच्चीवर जिलबीसारखी गुंडाळून घेतली, की उन्हानं आतलं पाणी तापतं. तापतंही. फक्त ते दुपारी तापतं, त्यामुळे तो सगळा हिवाळा मी रविवारीच काय तो स्वच्छ असायचो. मनीषा परत आली तोवर घर डब्यासारखं बंद झालं होतं. एकच खिडकी अक्कांनी सोडली, स्वयंपाकघराची. गॅस असतो, ती बंद करायची नाही, असं त्यांनी मनीषाला बजावून सांगितलं.

मनीषाचं आणि त्यांचं लगेच जमलं. इतकं, की अक्कांना काहीतरी सिद्धी आहे असं मी कचेरीत सांगू लागलो. इकडे मनीषा म्हणायची, अरे देवा, जिरं संपलं. तिकडे अक्का वाटीत जिरं घेऊन दारात. मुलीला खोकला झाला की काढा हजर. एकदा मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीला नाक मुरडलं, तर दुसऱ्या दिवशी फाटकात अक्कांनी मला उभं करून कळण्याच्या भाकरीचे गुण ऐकवले. मी हरखून गेलो. मनातलं ओळखतात, असं मी सगळ्यांना सांगायचो.

एवढ्या उपकारांची फेड करावी असं मला वाटू लागलं. मला असं काही वाटू लागलं की घरात सगळे सावध होतात, पण या वेळी मी कोणाला बोललोच नाही.

त्यांचा डबा परत द्यायला गेलो असताना मला एक गोष्ट दिसली होती. अख्ख्या गल्लीची घरं बुजवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एक झरोका उघडा होता. ना काच, ना जाळी. आमच्या दोन घरांमध्ये एक अरुंद बोळ आहे, त्या बोळीत तो उघडत होता आणि त्यातून सुरीसारखा वारा आत येत होता. बरं, अक्का नेमक्या त्याच्याच खाली पाट टाकून, कानटोपी घालून बसायच्या. मला भरून आलं. सगळ्यांचं करता करता बिचारीचं स्वतःचं राहून गेलं.

अक्का अमळनेरला लग्नाला गेल्या, तसा मी अंग तिरपं करून बोळीत शिरलो आणि तो झरोका बाहेरून प्लाय ठोकून वर सिमेंट लिंपून कायमचा बंद केला. माझ्या आयुष्यातलं एवढं चांगलं काम दुसरं नाही. पाणी मारायलासुद्धा विसरलो नाही.

त्या परत आल्या, घरात गेल्या आणि थोड्या वेळानं फाटकाशी आल्या. मी वाटच बघत होतो. खास त्यांच्यासाठी त्यांचीच भाषा पाठ करून ठेवली होती. छाती काढून म्हणालो, "अक्का, आते बठ्ठं बंद."

बठ्ठं म्हणजे सगळं. मला म्हणायचं होतं, आता एकही फट नाही. अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बरं, एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी माइकवरचं बोलू लागल्या. आपला डबा पायरीवर ठेवलेला आहे. आपलं वर्तमानपत्र चुकून इकडे पडलेलं होतं. आमच्याकडे जिरं संपलं, हिंग संपला, कोणी आलं नाही. ऐन थंडीत गल्लीला घोषणा बंद झाल्या. मग दूधवाल्यानं बातमी आणली की विमलअक्का घर भाड्यानं देऊन सुरतला भाच्याकडे कायमच्या चालल्या आहेत, बांधाबांध सुरू आहे.

मनीषा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि मला विचारलं, तू काय केलंस. कोणी केलं असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. मी झरोक्याचं सांगितलं, जरा अभिमानानंच सांगितलं. ती आमच्या स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी गेली. खिडकीच्या बरोबर समोर, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, माझं सिमेंट होतं.

"त्यांना जिरं कसं कळायचं रे?" तिनं विचारलं.

मी सिद्धी म्हणणार होतो. पण तेवढ्यात माझ्याही डोक्यात उजेड पडला, आणि फाटकाशी मी काय बोललो होतो तेही ऐकू आलं. त्या बाईनं रोज ज्याच्याखाली पाट टाकला ते मी सिमेंटनं बुजवलं होतं, आणि वर तोंडावर सांगितलं होतं, आता सगळं बंद.

छिन्नी-हातोडी घेऊन मी बोळीत शिरलो. मागच्या वेळेपेक्षा मी जाड झालो होतो की बोळ आखडली होती, कोण जाणे. मी झरोक्यासमोर पोहोचलो आणि तिथेच अडकलो. हातोडी मागे न्यायला जागा नाही, त्यामुळे घाव पडत नव्हता, नुसता आवाज होत होता. दुर्दैवानं माझं सिमेंट पक्कं निघालं. आयुष्यात एकच काम मी टिकाऊ केलं, ते हे.

"आपण तिथे काय करीत आहात?" आतून आवाज आला. माइकवरचा.

उघडतोय, मी म्हणालो. मग त्या सिमेंटला तोंड लावून मी सगळं सांगून टाकलं. की अक्का, मला वाटलं तुम्हाला गारठा लागतो. तुमचं राहून गेलं असं वाटलं. तुम्ही ऐकता हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं, मी तर कचेरीत तुमची सिद्धी सांगत होतो.

आतून पाट सरकल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, तुम्हाला माझा जाच झाला," अक्का म्हणाल्या. "तोंडानं सांगितलं असतं तर मी कानात कापूस घालून बसले असते, भाऊ. सिमेंट कशाला?" मग म्हणाल्या, "स्टँडवर एवढा गलका असायचा. आता भांडं पडलं तरी माझंच पडतं."

मी छिन्नी पुन्हा सिमेंटवर टेकवली. पोट भिंतीत दाबलेलं, घाव काही बसेना. मागून मनीषा खिडकीतून म्हणाली, "अक्का, जिरं संपलंय."

आत पावलं वाजली. भांड्यांत शोधाशोध झाली. मग आतून प्लायवर बत्त्याचा असा दणका बसला की माझ्या सिमेंटची खपली माझ्याच डोक्यावर आली. दुसऱ्या दणक्यात प्लाय सुटला आणि भोकातून कानटोपीतला चेहरा दिसला. नाक लाल झालेलं. थंडीनं असेल. त्यांनी माझ्या अंगावरून हात लांबवून मनीषाला जिऱ्याची वाटी दिली.

सुरतेचं काय, मी विचारलं. सुरतेला काय थंडी असते का, तिथे जाऊन करायचं काय, असं त्या म्हणाल्या, म्हणजे तो विषय मिटला. मला एवढं हलकं वाटलं की मी अडकलेलो आहे हेही विसरलो. म्हणालो, "अक्का, आता मी घरात मुद्दाम मोठ्यानं बोलत जाईन."

अक्कांनी माझ्याकडे, सरकी धरून पाहिलं होतं तसं नव्हे, जरा वैतागूनच पाहिलं.

"तू नको रे भो. मी तुन्ही बायकोनं बोलनं ऐकस. तू मधमा तोंड घालस, तितलंच खराब शे."