कुसुमबाईंचे चाळीस सेकंद

भोयरजी पहिल्या लिफ्टने कधीच वर जात नसत. बटण दाबायचे, लिफ्ट आली की दार उघडून मिटेपर्यंत तिच्याकडे संशयाने बघायचे आणि ती गेली की पुन्हा बटण दाबायचे. दुसऱ्यांदा आली की मगच आत. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. जिन्याने गेलेल्यांचा चहा संपत आला की हे पोचत.

"एकदा आली ते नशीब," ते म्हणत. "दुसऱ्यांदा आली तं काम."

नागपुरातली आमची कंपनी लहानशीच, दवाखान्यांसाठी वेबसाइट बनवणारी. मी तिथे भोयरजींच्या हाताखाली टेस्टर म्हणून लागले. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढून पगार घेणारा माणूस. भोयरजी त्यासाठीच जन्मलेले. पेनाचं टोपणसुद्धा दोनदा लावून बघत. आधी सगळं हाताने तपासायचे, मग पन्नाशीला टेकल्यावर एकट्याने बसून सेलेनियम शिकले. त्यात आपण एकदा प्रोग्राम लिहून ठेवायचा. तो आपणहून ब्राउझर उघडतो, माणसासारखा फॉर्म भरतो, बटणं दाबतो. सगळं जमलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल.

हिरव्या खुणेवर भोयरजींचा काडीचा विश्वास नव्हता. ते काटोलचे, घरचा संत्र्याचा बगीचा. "रंगावर जाऊ नको, पोरी. संत्रं सोलल्याशिवाय समजत नाही."

फॉर्म भरायला खोटा पेशंट लागतो. आम्ही बाकीचे एबीसी असं काहीतरी नाव ठोकून मोकळे होत असू. भोयरजींची पेशंट मात्र ठरलेली: कुसुमबाई, वय एकोणपन्नास. रोज सकाळी नऊला ती हजर. ही बाई नावापुढे उगाच जागा सोडायची. मोबाइल नंबर आधी चुकवायची, खोडायची, पुन्हा लिहायची. आणि 'पुढे' या बटणापाशी येऊन चक्क चाळीस सेकंद थांबायची.

सगळं ऑफिस तिच्यावर हसायचं. "भोयरजी, कुसुमबाई झोपल्या काय?" हे मीसुद्धा विचारलं आहे.

"येऊन राहिली न," ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणत. "दम धर."

मग नवे साहेब आले. त्यांनी सगळ्या चाचण्या प्लेराईटमध्ये नेण्याचं फर्मान काढलं. हे नवं साधन बटण तयार झालं की नाही ते स्वतःच बघतं, म्हणून जुन्या प्रोग्राममधल्या नुसतं थांबायला सांगणाऱ्या ओळी काढून टाकायच्या होत्या. काम माझ्याकडे आलं. भोयरजी तेव्हा संत्र्याच्या तोडीसाठी आठवडाभर काटोलला गेलेले. मी चाळीस सेकंदांची ती ओळ एका फटक्यात उडवली. कुसुमबाई तीन सेकंदांत फॉर्म भरून मोकळ्या. हिरवं!

भोयरजी परतले तेव्हा मी मोठ्या फुशारकीने दाखवलं. वाटलं, रागावतील. ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले.

"काहून काढलं, पोरी?"

"वेळ फुकट जात होता, भोयरजी."

"तिले लागते तेवढा."

भोयरजींची बायको वारली आहे हे मला ठाऊक होतं. तिचं नाव मात्र मी कधी विचारलं नव्हतं. ऑफिसात कुणीच विचारलं नव्हतं. ते त्या दिवशी भोयरजींनीच सांगितलं.

लकव्याने कुसुमताईंचा उजवा हात गेला होता. डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइल चालवायच्या. "दवाखान्याचा नंबर माझा मीच लावीन, तुम्ही ऑफिसले जा," म्हणाल्या. फॉर्म आमचाच होता. तीस सेकंदांत बटण दाबलं नाही की 'वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा' असं यायचं. त्यांनी चारदा सुरुवात केली आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "मलेच जमत नाही जी."

"तो फॉर्म मीच पास केला होता," भोयरजी म्हणाले. "दोन सेकंदात हिरवा. मले वाटलं, हिचंच चुकून राहिलं. मीबी तिलेच बोललो."

पंधरा दिवसांनी दुसरा झटका आला, आणि त्यात त्या गेल्या.

भोयरजींनी नंतर भांडून ती मुदत एक मिनिट करून घेतली. पुन्हा कुणी ती कमी केली तर लाल दिसावं, म्हणून चाळीस सेकंदांची ओळ घातली. मी काढली ती हीच.

मी जागेवर जाऊन ओळ परत टाकली आणि प्रोग्राम चालवला. लाल आलं. त्याच आठवड्यात, चार दिवसांपूर्वी, फॉर्म नवा केला होता, आणि कुणीतरी मुदत पुन्हा तीस सेकंद करून ठेवली होती. माझ्या तीन सेकंदांच्या कुसुमबाईंनी त्याला हिरवी खूण दिली होती. मधल्या चार दिवसांत किती जणांनी मोबाइल पालथे घातले असतील, हे मला कधीच कळणार नाही.

दुपारपर्यंत मुदत एक मिनिट झाली.

दुसऱ्या दिवशी नऊला मी माझी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. कुसुमबाई आल्या. नाव लिहिलं, जागा सोडली. नंबर चुकला, खोडला, पुन्हा लिहिला. मग बटणापाशी थांबल्या. चाळीस सेकंद नुसतं बघत बसायला फार असतात. मी हसत नव्हते. माझे डोळे भरून आले होते, आणि भोयरजींचं डावं बोट टेबलावर हळूहळू पुढे सरकत होतं.

बटण दाबलं गेलं. हिरवं आलं.

"जमलं वं तुले," भोयरजी स्क्रीनकडे बघत म्हणाले.