अधिकृत ढमढेरे

वकिलाची नोटीस रविवारी सकाळी मेलवर आली, तेव्हा सुजित ढमढेरे पोह्यांतले शेंगदाणे वेचून आधी खात होता. नोटीस इंग्रजीत होती. पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याला वाटलं, आपलं कौतुकच केलंय, कारण तीत 'आमच्या अशिलाची अफाट लोकप्रियता' असे शब्द होते. दुसऱ्यांदा वाचेपर्यंत पोहे गार झाले.

अशील म्हणजे आदिराज ढमढेरे, मराठी सिनेमातला हिरो. ढमढेरे आडनावाचा माणूस पडद्यावर भिजत भिजत प्रेमाचं गाणं म्हणू शकतो, हे त्याच्या आधी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सुजितला तर या आडनावानं लहानपणापासून छळलं होतं. शाळेत हजेरीला त्याचं नाव आलं की मागच्या बाकावर पोरं ढोल बडवायची. चाकणच्या कंपनीत तो गाड्यांच्या सीटच्या फ्रेम तपासायचा, तिथंही सुपरवायझर त्याला नुसतं 'ढम' म्हणायचा. मग आदिराजचा पहिला सिनेमा आला आणि कंपनीच्या बसमध्ये लोक आदरानं विचारू लागले, "तुमचे कोण लागतात का हो?" सुजित म्हणायचा, "लांबचे." यात खोटं काही नव्हतं. आदिराज मुंबईला राहायचा.

या उपकाराची फेड म्हणून सुजितनं 'आदिराज ढमढेरे डॉट कॉम' हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं आणि फॅन साइट काढली. फोटो, सिनेमांची माहिती, वाढदिवसाला केलेल्या रक्तदानाच्या बातम्या, असं सगळं सात्त्विक काम होतं. कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती मिसळीपासून. सुजितचा मेव्हणा किसन यानं निगडीच्या बस स्टँडजवळ मिसळीचं हॉटेल काढलं आणि सुजितची बायको भाग्यश्री म्हणाली, "जगासाठी साइट चालवता, माझ्या भावासाठी एक कोपरा नाही?" सुजितनं कोपरा दिला. 'किसनची झणझणीत मिसळ' ही जाहिरात त्यानं आदिराजच्या एका गाजलेल्या फोटोखाली टाकली. फोटो आई वारल्याच्या प्रसंगातला होता. डोळ्यांतून धारा, नाक लाल, तोंड उघडं. खाली मिसळीचं नाव आल्यावर त्या दुःखाचा अर्थच बदलला.

लोक हॉटेलात येऊन विचारू लागले, "दादा इथंच खातात का?" किसन धंदेवाईक माणूस. तो नाही म्हणाला नाही. "रविवारी येतो म्हणालाय," एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी हॉटेलसमोर इतकी गर्दी झाली की पीएमपीच्या बसला वळता येईना. त्याचे व्हिडिओ मुंबईपर्यंत गेले, आणि मुंबईहून नोटीस आली.

सोसायटीत तळमजल्यावर रणजीत वकील राहायचे. त्यांचा हात भाडेकरारांवर बसलेला होता, पण नोटीस त्यांनी शांतपणे वाचली.

"सुजितराव, त्यांनी नावाचा ट्रेडमार्क घेतलाय. नुसती फॅन साइट असती, वर ठळक लिहिलं असतं की ही अधिकृत नाही, तर भांडता आलं असतं. तुम्ही मिसळ घातलीत. आता ते म्हणणार, आमच्या नावावर धंदा करतात."

"मिसळ काढून टाकतो."

"काढाच. पण ते डोमेनच मागतायत. देऊन टाका आणि मोकळे व्हा."

"वकीलसाहेब, आठ वर्षं जपलंय ते. दुसरा काही मार्गच नाही?"

"असा कसा असेल? आता समजा, तुमचंच नाव आदिराज ढमढेरे असतं, तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या नावाची साइट काढायला कुणाची बंदी आहे?" वकीलसाहेब हसले आणि चहा प्यायला लागले.

ते उदाहरणादाखल बोलले होते. सुजितनं ते सल्ला म्हणून घेतलं. आडनाव तर घरात होतंच. निम्मं काम वाडवडिलांनी करूनच ठेवलं होतं.

घरी येऊन त्यानं भाग्यश्रीला विचारलं, "मी नाव बदललं तर चालेल का?"

"कशाला?"

"आदिराज करायचं म्हणतोय."

भाग्यश्री भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "लग्नात चारशे माणसांपुढं मी एकाचं नाव घेतलंय उखाण्यात. आता दुसऱ्याचं घेणार नाही. आणि तुमचा पीएफ, पॅन, फ्लॅटचं कर्ज, सगळं बदलत कोण बसणार? मी?"

राहता राहिले आण्णा. सुजितचे वडील ज्ञानदेव ढमढेरे पिंपरीच्या एका कंपनीतून रिटायर झाले होते. दिवसभर ते बाल्कनीत बसून खालच्या पार्किंगमध्ये कोण गाडी वाकडी लावतो यावर नजर ठेवायचे. रेशनकार्डावर ते ज्ञानदेव होते, आधारवर ज्ञानेश्वर आणि पेन्शनच्या कागदांवर ज्ञानोबा. राजपत्रात नाव छापून हा घोळ एकदाचा मिटवावा, असं घरात कित्येक वर्षं चाललं होतं.

"आण्णा, तुमचं नाव नीट करून घ्यायचंय."

"घ्या की."

"पण नवीनच घ्यायचं म्हणतोय. आदिराज."

आण्णांनी पार्किंगवरची नजर काढली. "त्यो पिच्चरवाला?"

"हो."

"वागायला कसाय पोरगा?"

"चांगला आहे. दारूबिरू नाही."

"मग चालंल. तीन नावं हायेतच, चवथ्याला काय व्हतंय?"

राजपत्रात नाव छापून आलं. सुजितनं ते रणजीत वकिलांपुढं ठेवलं, तेव्हा त्यांना ठसका लागला.

"अहो, मी गंमत केली होती! आणि आता नाव घेतलंत म्हणून ते ऐकतील होय? ते म्हणतील, हे नाव नोटिशीनंतर सुचलं. निदान साइटवर तरी वडिलांची माहिती पाहिजे. तिथं फोटो कुणाचे आहेत?"

"हिरोचे."

"काढा ते. आजच्या आज."

सुजितनं जड मनानं हिरो उतरवला आणि त्या जागी आण्णा चढवले. आण्णांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळं डोळ्यांवर दवाखान्याचा मोठा काळा चष्मा होता. गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसलेले, डोक्यावर टोपी, समोरचे दोन दात नाहीत, असा फोटो. खाली साधं लिहिलं होतं, 'आदिराज ढमढेरे, निगडी.'

दुसऱ्या दिवशी सुजित पहिल्या शिफ्टला असताना फोन वाजायला लागला, तो थांबेचना. आदिराजच्या फॅनमंडळींनी साइट उघडली होती. त्यांना वाटलं, हा नव्या सिनेमाचा लूक आहे.

'काय मेकअप आहे! ओळखूच येत नाही!' असं एकानं लिहिलं. 'दादांनी भूमिकेसाठी खरे दात काढले. याला म्हणतात निष्ठा,' असं दुसऱ्यानं. एका यूट्यूब चॅनेलनं फोटोभोवती लाल गोल काढून सांगितलं की हा सिनेमा एका निवृत्त डॉनवर आहे. किसननं तर हॉटेलात तो फोटो मोठा करून लावला आणि फोनवर म्हणाला, "दाजी, आता मी खरं बोललो तरी चालतंय. आदिराज ढमढेरे माझ्याकडं येऊन खाऊन गेलाय की!"

संध्याकाळी घरी मुंबईहून फोन आला. हिरोचा मॅनेजर बोलत होता.

"तो फोटो ताबडतोब काढा. सर रोमँटिक हिरो आहेत."

"तो सरांचा फोटो नाहीये," सुजित म्हणाला. "माझे वडील आहेत."

"मग खाली सरांचं नाव का?"

"ते वडिलांचं नाव आहे."

"आदिराज ढमढेरे?"

"हो."

"हे बघा, आदिराज ढमढेरे एकच आहेत. ते आत्ता माझ्यासमोर बसलेत."

"आमचे इथं बसलेत. देऊ का?"

आण्णांनी फोन घेतला आणि छाती पुढं काढून म्हणाले, "व्हय, आदिराज बोलतोय." पलीकडून पुन्हा नाव विचारलं गेलं. "राजपत्रात बघा," असं म्हणून आण्णांनी फोन ठेवला आणि ते पुन्हा बाल्कनीत गेले.

त्यांची एकूण चालच बदलली होती. डॉक्टरांनी चष्मा काढायला सांगितला, तरी ते काढेनात. बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हास्य क्लबात त्यांना 'हिरो' म्हणून पुढच्या रांगेत उभं करत. शाळकरी पोरं सही मागायला येत आणि आण्णा घोटून घोटून पूर्ण नाव लिहून देत. सुजितचं मात्र अन्न गोड लागेना. ज्या माणसाचा तो भक्त होता, त्याच्या नावावर आपण आपलाच बाप बसवला, हे त्याला खात होतं. एका रात्री तो भाग्यश्रीला म्हणाला, "देऊन टाकतो ते डोमेन. माफी मागतो." भाग्यश्री म्हणाली, "हे पोहे खातानाच म्हणाला असतात तर?"

त्यानं माफीचं पत्र लिहायला घेतलं, तेवढ्यात बातमी आली. आदिराज हिंदीत चालला होता. तिकडच्या निर्मात्याला ढमढेरे उच्चारता येईना आणि पोस्टरवरही ते बसेना. शिवाय कुणा अंकशास्त्र्यानं सांगितलं होतं की यश अडतंय ते दोन 'ढ'मुळं. यापुढं तो नुसता 'आदिराज' असणार होता. दुपारी मुंबईच्या वकिलाची दोन ओळींची मेल आली. सदर डोमेनमध्ये आता आमच्या अशिलाला रस नाही, ते तुम्ही ठेवू शकता.

सुजित जिंकला होता. त्यानं माफीचं पत्र अर्धंच सोडलं. मग बाल्कनीत आण्णांच्या शेजारी जाऊन बसला.

"आण्णा, त्यानं ढमढेरे सोडलं."

"कुणी?"

"हिरोनं. जड वाटलं म्हणे त्याला." सुजितचा आवाज बारीक झाला. "आता तुम्हीही परत ज्ञानदेव व्हा. रणजीत वकील करून देतील."

"मी कशाला व्हऊ?" आण्णा म्हणाले. "पयलं नाव आज्यानं ठिवलं. दुसरं आधारवाल्यानं, तिसरं कंपनीच्या क्लार्कनं. मला इचारून ठिवलेलं ह्ये येकच हाय."

खाली कुणीतरी गाडी वाकडी लावत होतं. आण्णांनी कठड्यावरून वाकून त्याला हात करून सरळ लावायला लावली आणि मग काळा चष्मा नाकावर नीट बसवत ते समाधानानं म्हणाले,

"आन् त्यानं सोडलं त्ये ब्येस केलं. येका नावाची दोन माणसं आसली का लोकांचा उगा घोटाळा व्हतो."